फितीला टांगलेली वाद्यं

मास्तरांचा धंदा भिंती सजवण्याचा होता, पण भिंतीला त्यांचा हात क्वचितच लागे. ते कागदावर काढत. त्यावरून खालच्या मजल्यावरचे साचेकाका प्लास्टरचे साचे करत, आणि ते ओतकाम मग कुणाच्या दिवाणखान्यात, थिएटरात, बँकेच्या हॉलमध्ये जाऊन बसे. खांबांची माथी, पानांच्या माळा, फुलदाण्या, सगळंच मास्तर काढायचे, पण त्यांचं नाव झालं ते वाद्यांच्या घोसामुळे. वर फितीची गाठ. गाठीखाली एकमेकींवर तिरक्या टाकलेल्या दोन बासऱ्या. मधोमध लायर, म्हणजे शिंगांसारखे दोन बाहू असलेलं ते जुनं तंतुवाद्य. मागून डोकावणारा डफ, खाली एखादी तुतारी, आणि वाऱ्यावर उलटावा तसा स्वरलिपीचा एक कागद. नवअभिजात शैलीच्या जुन्या नक्षीकामात असे घोस पुष्कळ सापडतात, पण मास्तरांचा घोस लांबूनही ओळखू येई. डावी बाजू आणि उजवी बाजू तोलात बरोबर, आणि तरी एक दुसरीसारखी नाही.

मुलीला त्यांनी हे लहानपणापासून शिकवलं. धाकट्या बहिणीमुळे घरात सगळे तिला ताई म्हणत. बहीण लग्न होऊन दूर गेली, आई वारली, पण मास्तर, साचेकाका, कामगार यांच्या तोंडी तेच नाव राहिलं. ताई शाई घोटायची, कागद ताणून बसवायची, सावलीचा राखाडी रंग भरायची. लायरच्या तारा ओढायला मिळाल्या तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं होतं. तार चुकली तर अख्खा कागद वाया, म्हणून मास्तर त्या कुणाला ओढू देत नसत.

मग मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहाचा कप बशीवर वाजायचा, तेव्हा त्यांनी बशी घेणं बंद केलं. मग एका थिएटरच्या कागदावर डफाच्या गोलात शाईची नक्षी उमटली, जी तिथे नको होती. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका काही नाही, पण हे वाढत जाईल. मास्तरांनी गोळ्यांची पट्टी खिशात टाकली आणि घरी येऊन ताईला म्हणाले, "एवढा हा कागद तू पुरा कर. परवा द्यायचाय."

एवढा हा कागद, असं म्हणत म्हणत वर्षं गेली. आधी तारा, मग अर्धा घोस, मग सगळाच. खाली सही मास्तरांची. तीही ताईच करी. जिन्यावर गिऱ्हाइकाचं पाऊल वाजलं की ती खुर्चीवरून उठायची आणि मास्तर बसायचे. टाक हातात न घेता कानामागे खोचायचे. गिऱ्हाईक कौतुक करून, चहा पिऊन जाईपर्यंत ती रंगाच्या वाट्या धूत मोरीपाशी उभी राहायची. या उठण्याबसण्यात दोघं इतकी तरबेज झाली की त्याविषयी बोलणंही सुटलं.

साचेकाकांना कुणी काही सांगितलं नव्हतं. एकदा नवा कागद न्यायला वर आले तेव्हा तो उजेडात धरून म्हणाले, "हल्ली मास्तरांच्या फितीची गाठ जरा सैल पडते. पूर्वी कशी करकचून आवळलेली असायची. मला ही जास्त आवडते." मास्तर "हं" म्हणाले. साचेकाकांनी ताईकडे पाहिलंही नाही. कागद गुंडाळून ते खाली गेले.

खोली मोठी होती, पण टेबल एकच, खिडकीपाशी. ताईची पस्तिशी उलटली. बहीण फोनवर म्हणायची, "अगं, जरा बाहेर पड. इथे ये महिनाभर." ताई म्हणायची, "बाबांना सोडून कशी येऊ?" बहिणीला वाटे, औषधपाण्याचं म्हणतेय.

गावातल्या जुन्या संगीत सभागृहाचं काम निघालं ते याच सुमारास. छत गळून भिंतींवरचं प्लास्टर ढासळलं होतं. सभागृहाची आर्किटेक्ट, आखूड केसांची, भराभर बोलणारी बाई, स्वतः वर आली. बाजूच्या भिंतींवर आणि रंगमंचाच्या डोक्यावर नवे घोस हवे होते.

"दुसऱ्या कुणाचं नावच डोक्यात आलं नाही," ती म्हणाली. टेबलावरचा अर्धा कागद बघत राहिली. "काय रेघ आहे! केस ओढावा तशी." मग मोरीपाशी उभ्या ताईकडे वळली. "तुम्हीपण काढता?"

ताईने तोंड उघडायच्या आत मास्तर हसले. "ती? छे हो. रंग भरते, वाट्या धुते. माझी काठी आहे ती."

आर्किटेक्टबाईही हसल्या. ताईच्या हातातली वाटी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती चोळतच राहिली.

दुसऱ्या दिवशी औषधं आणते असं सांगून ती घराबाहेर पडली आणि बगलेत फाइल मारून थेट आर्किटेक्टबाईंच्या ऑफिसात गेली. फाइलमध्ये तिने स्वतःसाठी काढलेले कागद होते. बाईंनी एकेक उलटून पाहिला. "हुबेहूब," त्या म्हणाल्या. "हुबेहूब वडिलांचा हात! आश्चर्य आहे. पण खरं सांगू का, राग मानू नका. तुमचं म्हणून यात काय आहे? मास्तर मला मिळालेच आहेत. त्यांची प्रत घेऊन मी काय करू?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलं. पण त्या वाक्यासरशी बाबा चोर ठरले असते, आणि तेही ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या कागदावरची फुलदाणीसुद्धा कधी उचलली नाही असे. ताईने फाइलची नाडी बांधली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाली, आणि औषधं घेऊन घरी आली.

"उशीर झाला?" मास्तरांनी विचारलं.

"गर्दी होती."

पंधरवड्याने सभागृहाचे सेक्रेटरी ऐटीत वर आले. सभासदांनी ठरवलं होतं, रंगमंचावरच्या घोसाचं पूर्ण मापाचं चित्र मास्तरांनी सगळ्यांसमोर, जागेवरच काढावं. म्हणजे लोकांना काम दिसेल, उत्साह येईल.

"अवश्य," मास्तर म्हणाले.

सेक्रेटरींचं पाऊल शेवटच्या पायरीवरून उतरेपर्यंत ताई गप्प राहिली. मग मात्र तिचा आवाज चढला. "हो कसं म्हणालात? बाबा, हो कसं म्हणालात तुम्ही?"

"मग काय म्हणू? नाही म्हटलं की का म्हणून विचारणार."

"तब्येत बरी नाही म्हणायचं!"

"मग म्हणतील, हे एवढे कागद कोण काढतंय?" मास्तर खुर्चीत बसले आणि थरथरणारा हात मांडीखाली दाबून ठेवला. "तू बघ ना काहीतरी. तुला सुचेल."

तिला सुचलं ते जुनंच होतं. तिने घोस पूर्ण मापाच्या कागदावर काढला, रेघांवर सुईने बारीक भोकं पाडली, आणि आदल्या दुपारी सभागृहात जाऊन तो भिंतीवरच्या कोऱ्या कागदावर धरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवली. कागदावर सगळा घोस ठिपक्यांत उमटला, तोही इतका पुसट की जवळ गेल्याशिवाय दिसू नये. मास्तरांनी फक्त ठिपके जोडायचे होते. "हात पटकन फिरवा," ती म्हणाली. "थांबलात की थरथर दिसेल."

त्या दिवशी सभासद खुर्च्या मांडून बसले होते. मास्तर बांबूंच्या परांचीवर चढले. ताई खाली कोळशाच्या कांड्यांची थाळी धरून उभी राहिली. पहिली रेघ त्यांनी फितीची ओढली. पटकन ओढली, पण हात त्यांचं ऐकायला तयार नव्हता. रेघ ठिपक्यांच्या अलीकडे पलीकडे नाचत खाली आली. दुसरी तशीच. लायरचे बाहू पाण्यात पाहिल्यासारखे हलले. ताराही हलल्या. मागच्या खुर्चीवर कुणीतरी खाकरलं. ताईने मान वर केली नाही. थाळीतल्या कांड्या बघत राहिली. आता कुणीतरी बोलणार, आणि आपल्याला ही थाळी खाली ठेवून जायचं कुठे तेसुद्धा माहीत नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

बोलला तो पहिल्या रांगेतला म्हातारा व्हायोलिनवादक. "अहो," तो अर्धवट उठत म्हणाला, "वाजतंय हे! तारा बघा त्या. वाजतायत."

सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मास्तर वळले. पडत्या माणसाला हाताशी कठडा लागावा तसं झालं त्यांना. "आजवर नुसती टांगलेली वाद्यं काढली मी," ते म्हणाले. "म्हटलं, शेवटी शेवटी तरी ती वाजू देत."

टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी रुमाल काढला. आर्किटेक्टबाई परांचीखाली येऊन वर पाहत म्हणाल्या, "आणि ती गुळगुळीत रेघ, मास्तर? मी पाहिली ती?"

मास्तरांनी खाली पाहिलं. ताई त्यांच्या नजरेच्या बरोबर खाली होती.

"ती तरुणपणची हो," ते म्हणाले. "सवयीने येते कधीमधी. आता तिच्यात जीव नाही."

तिथल्या तिथे ठरलं, सगळे घोस याच हाताचे हवेत.

घरी मास्तरांच्या अंगात वारं शिरलं होतं. कित्येक दिवसांनी ते गुणगुणत होते. ताईने जेवणाची ताटं वाढली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "आता काढणार कोण?"

"तूच की."

"थरथरत?"

"त्यात काय अवघड आहे? सरळ काढण्यापेक्षा सोपंच असेल."

सोपं नव्हतं. ताईने टाक शेवटच्या टोकाला धरून पाहिला, डाव्या हाताने पाहिलं, कोपर टेबलाबाहेर लोंबतं ठेवून पाहिलं. रेघ वाकडी यायची, पण ठरवून वाकडी. प्रत्येक हेलकावा सारखा. साचेकाका एक कागद खाली घेऊन गेले आणि तासाभराने परत घेऊन आले. "पोरी, यावरून साचा करू म्हणतेस तर करतो. पण हे करवतीचे दात दिसतील."

मास्तर बघत बसले होते. "अगं, सैल सोड जरा."

"सैलच सोडलाय."

"नाही सोडलास. आण इकडे."

त्यांनी टाक घेतला. लायरचा एक बाहू काढला, मग दुसरा. तिघंही कागदावर वाकली. साचेकाका पुटपुटले, "हां. हे." मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळे चमकत होते. तिसऱ्या तारेला हाताला पेटका आला, टाक निसटला. "धर," ते ओरडले. "कोपर धर माझं!"

ताईने कोपर धरलं. तळहातावर त्यांच्या कोपराचं हाड टेकलं, सगळी थरथर तिच्या खांद्यापर्यंत चढली, आणि टाक पुन्हा चालू लागला.

पुढचे महिने असे गेले. मास्तर काढायचे, ताई कोपर धरायची. ते खुर्चीत, ती बाजूला स्टुलावर, अंग तिरकं, मान अवघडलेली. दुसऱ्या हाताने कागद सरकवायचा, शाई पुढे करायची. नाक खाजलं तरी तसंच सोसायचं. पूर्वी निदान टेबल तिचं होतं. दार लावलं की रेघ तिची होती, तीत कुणी बोट घालत नव्हतं. आता ती आपल्याच टेबलापाशी टेकू झाली. आणि मास्तर पुन्हा मास्तर झाले होते. "ओढू नकोस, नुसतं धर." "दाबतेयस तू." "श्वास कसला सोडतेस मोठमोठ्याने?" तिला राग यायचा, आणि त्याच वेळी समोर उतरत जाणारी ती फीत इतकी सुंदर असायची की रागही धड करता येत नसे.

एका सकाळी रेघ चालू असतानाच तिने विचारलं, "त्यांना सांगाल का?"

"काय?"

"सरळ रेघ माझी होती म्हणून."

टाक थांबला. हात तिच्या तळव्यावर थरथरत राहिला. ते म्हणाले, "सांगितलं की म्हणतील, मग हेही मुलीचंच असेल. कशावर कोण विश्वास ठेवील?"

"आणि माझं काय?"

"तुझं काय म्हणजे? सगळं तुझंच आहे की. हे घर, हे टेबल." त्यांना खरंच कळत नव्हतं. "चल, शाई वाळतेय."

तिने कोपर सोडलं नाही. बासरी पुरी होईपर्यंत धरून बसली. मग हात धुतले, साडीचा पदर सारखा केला आणि आर्किटेक्टबाईंच्या ऑफिसात गेली. या वेळी फाइल नेली नाही. दार लोटून उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एका दमात.

बाई ऐकत होत्या. हातातली पेन्सिल त्यांनी टेबलावर ठेवली. "मला हे का सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं होतंत, तुमचं म्हणून यात काय आहे."

"हो, पण आता मी काय करू?" बाईंचा आवाज चढला नव्हता, पण गाल लाल झाले होते. "सभासदांना सांगितलं तर काम थांबेल आणि तुमचे वडील या वयात तोंडघशी पडतील. नाही सांगितलं तर मीपण तुमच्यात सामील. तुम्ही सुटायला आलात आणि मला आत ओढलंत."

हे ताईला सुचलंच नव्हतं. ती खुर्चीवर बसली. "सांगू नका," ती म्हणाली. "माझ्या नावाची पाटी नकोय मला. काम द्या. कुठलंही."

"वाद्यं नाहीत माझ्याकडे. जिने आहेत, खिडक्या आहेत, सांडपाण्याचे पाइप आहेत."

"चालेल."

बाईंनी पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. "सभागृहाचं होऊ दे आधी. तोवर त्यांचा हात धरा. मग या."

म्हणजे पुन्हा त्याच स्टुलावर. पण ती बसली. शेवटचा घोस पुरा झाला, साचे झाले, ओतकाम भिंतींवर चढलं, आणि उद्घाटनाला म्हातारा व्हायोलिनवादक स्वतः वाजवायला उभा राहिला. वर रंगमंचाच्या डोक्यावर लायरच्या पांढऱ्या तारा दिव्यांत हलल्यासारख्या दिसत होत्या. लोक मास्तरांना उठून उभं राहायला सांगत होते. ते उभे राहिले, तोल जायला नको म्हणून ताईने नकळत त्यांचं कोपर धरलं, आणि शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, "किती करता हो वडिलांचं!"

नोकरीचं तिने घरी जेवताना सांगितलं. मास्तरांनी घास तसाच ठेवला. "आणि बँकेचं काम? मी हो म्हटलंय त्यांना. माझा हात कोण धरणार?"

"दिवसा साचेकाका धरतील. मी विचारलंय."

"तो? त्याचे हात प्लास्टरने खरखरीत झालेत."

"संध्याकाळी मी आहे."

सोमवारी ती निघाली तेव्हा मास्तर तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. ऑफिसात तिला एका इस्पितळाचा मागचा जिना काढायला दिला. शेजारच्या टेबलांवर माणसं होती, ती आपापसात सिनेमाबद्दल बोलत होती. कुणाचं पाऊल वाजलं की ती दचकून खुर्चीतून उठायची, दुपारपर्यंत शेजारच्याने विचारलंच, "बाई, खुर्ची टोचतेय का?" ती हसली आणि बसली. रेघ सरळ आली. त्या रेघेबद्दल कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी घरी आली तर मास्तर बाही वर सारून टेबलाशी तयार बसले होते. कागद ताणलेला, शाई घोटलेली. साचेकाकांना त्यांनी दुपारीच खाली पिटाळलं होतं. स्टूल नेहमीच्या जागी ओढून ठेवलेलं होतं.

"आज नाही, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागावतील असं तिला वाटलं, पण ते सारलेली बाही एका हाताने खाली ओढायचा प्रयत्न करू लागले. बटण काही लागेना. ताईने पुढे होऊन ते लावून दिलं, चहा टाकला, आणि त्यांचा कप अर्धाच भरला, सांडू नये म्हणून.

"काय काढलंस आज?" त्यांनी विचारलं.

"जिना. इस्पितळाचा."

"कठडा कसा?"

"साधा. लोखंडी पाइपचा."

"श्शी," मास्तर म्हणाले. मग कप खाली ठेवून, "वळणावर कसा वळवलास?"

तिने टेबलावर बोटाने दाखवलं. ते वाकून बघत राहिले.

दुसऱ्या संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तिने कोपर धरलं. तिसऱ्याही. बँकेचं काम मोठं होतं आणि मास्तरांनी त्यात प्रत्येक खांबावर एकेक घोस कबूल केला होता.